भोवऱ्यांच्या ओळीतलं शून्य

ताईला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. जिना चढताना पायऱ्या मोजायची, धुवायला टाकलेले मोजे मोजायची, पाहुणे गेल्यावर कपबशा मोजायची. पाहुण्यांवर संशय म्हणून नव्हे, सवय म्हणून. तेवीस वर्षं तिने पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात गोदाम सांभाळलं. त्या तेवीस वर्षांत वर्षअखेरच्या मोजणीत एक वॉशरसुद्धा कमी किंवा जास्त भरला नाही. तपासनीस यायचे, चहा प्यायचे आणि न मोजताच सही करून जायचे. ताई त्यांना बळेबळे दोन रॅक तरी मोजायला लावायची. न मोजता केलेली सही तिला अपमान वाटे.

कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. नवरा आधीच गेलेला, लेक लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेलेली. घरी बसून भिंती मोजण्यात अर्थ नव्हता. मग तिने खेळण्यांचं ऑनलाइन दुकान काढलं. दुकान म्हणजे काय, तर घराची मागची खोली, सात लोखंडी रॅक, काच लावलेलं एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि दुपारपर्यंत येणारी एक पॅकिंगवाली मावशी. कापडी हत्ती, लाकडी बस, चित्रांचे ठोकळे, असल्या एकशे बारा वस्तू. प्लास्टिकचं काही नाही आणि बॅटरीवर ओरडणारं तर मुळीच नाही.

रोज सकाळी आंघोळ झाली की ती फाईल उघडायची. दुकानाच्या साइटवरून मालाची यादी एका शीटमध्ये उतरवून घ्यायची. एका रकान्यात वस्तूचा नंबर, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात शिल्लक. मग वही घेऊन रॅकसमोर उभी राहायची, मोजायची, आणि बदललेले आकडे तिसऱ्या रकान्यात भरून फाईल परत साइटवर चढवायची. एका झटक्यात एकशे बाराच्या एकशे बारा वस्तू ताज्या. रकाना रिकामा सोडला तर जुना आकडा तसाच राहतो. शून्य लिहिलं तर त्या वस्तूच्या फोटोवर लाल पट्टी येते, ‘संपला’. हे सगळं लेकीने एका रविवारी शिकवलं आणि ताईने ते भिंतीवर लिहून चिकटवलं.

सुरुवातीला एकदा तिने घोळ घातला होता, तोही साधासुधा नव्हे. शीटमध्ये नावं अकारविल्हे लावताना तिने फक्त नावांचाच रकाना हलवला, नंबर आणि आकडे जागच्या जागी राहिले. त्या दिवशी लाकडी बसच्या नावावर कापडी हत्तीची शिल्लक गेली आणि घरात नसलेल्या एकोणीस बस संध्याकाळपर्यंत विकल्या गेल्या. ताईने एकोणीसच्या एकोणीस जणांना स्वतः फोन केला. ‘चूक माझी आहे, बस नाही, हत्ती आहे, चालेल का?’ अकरा जणांनी हत्ती घेतला. ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगायची. आकड्यात झालेली चूक लपवायची असते हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि अशा बाईने तीस आठवडे रोज सकाळी एक खोटा आकडा भरला.

तो आकडा होता भोवऱ्यांच्या ओळीत, आणि भोवरे करायचा तिचा मोठा भाऊ. आईवडील लवकर गेले तेव्हा दादा चौदा वर्षांचा होता आणि ही नऊची. दादाने शाळा सोडली, एका काताऱ्याच्या हाताखाली लेथवर लाकूड कातायला लागला, आणि बहिणीला मात्र शेवटपर्यंत शिकवलं. स्वतः लग्न करायचं राहूनच गेलं. विचारलं तर म्हणायचा, ‘लेथ आहे ना, ती काय कमी कटकट करते?’ सत्तरीला आला तरी रोज सकाळी आठला लेथ चालू. बोटांनी फिरवायचे छोटे भोवरे करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दर शनिवारी वीस भोवरे घेऊन यायचा, प्रत्येकावर रंगाची तीन वेटोळी. त्याचा एकच नियम होता. भोवरा फिरवायचा आणि मोजायचं. साठपर्यंत उभा राहिला तर भोवरा, नाहीतर जळण.

आधी एक भोवरा परत आला. मग एका आठवड्यात तीन. ‘फिरत नाही, कलंडतो,’ असं गिऱ्हाइकांनी पाकिटात चिठ्ठी घालून कळवलं होतं. ताईला वाटलं, वाटेत आपटले असतील. पण त्या शनिवारी दादा चहा प्यायला बसला आणि त्याने कप दोन्ही हातांनी धरला. तिने बघितलं, आणि बघितलं नाही असं दाखवलं. दादा म्हणाला, ‘लाकूडच हल्ली धड मिळत नाही गं चिमे.’ ती म्हणाली, ‘हो ना.’

मावशी घरी गेल्यावर ताईने काचेच्या टेबलावर त्या आठवड्याचे वीस भोवरे मांडले आणि एकेक फिरवून मोजलं. सतरा साठपर्यंत उभे राहिले. दोन चाळिशीत कलंडले. एक सव्विसाव्या आकड्याला पडला, घरंगळत टेबलाच्या कडेला गेला आणि खाली. तो उचलायला वाकली तशी तिला रडू आलं. रडून झाल्यावर तिने नवी शीट उघडली आणि तीन रकाने केले. तारीख, आणलेले, फिरलेले. मोजलेलं लिहून ठेवल्याशिवाय तिला राहवेना.

आता कुणीही म्हणेल की वाईट तीन बाजूला काढायचे आणि सतरा विकायचे. तिने दोन आठवडे तेच केलं. पण साठपर्यंत फिरणारासुद्धा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन कलंडला तर? पाकिटातली चिठ्ठी तिला लपवता येत होती. पण साइटवर प्रत्येक वस्तूच्या खाली गिऱ्हाइकाला काय वाटलं ते लिहायची सोय असते, आणि दादा ते रोज वाचायचा. फोनवरची अक्षरं मोठी करून, चष्मा लावून, एकेक ओळ. ‘मुलीला फार आवडला.’ ‘अजून दोन मागवले.’ तिथे एक दिवस कुणीतरी लिहिणार की भोवरा बेकार आहे, आणि तो ते वाचणार.

तिसऱ्या सोमवारी तिने भोवऱ्यांच्या ओळीत शून्य भरलं. शिल्लकच नाही म्हटल्यावर विकत घेणार कोण आणि लिहिणार कोण? फाईल चढली. ‘एकशे बारा ओळी अद्ययावत, त्रुटी नाही,’ असं साइटने सांगितलं.

दुपारी दादाचा फोन आला. लहान मुलासारखा खूश होता. ‘चिमे, लाल पट्टी दिसतेय. शनिवारी दिले आणि सोमवारी संपलेसुद्धा?’

ताईच्या तोंडून निघून गेलं, ‘हो ना दादा. लोक वाटच बघत असतात.’

एवढ्या एका वाक्याने ती अडकली. पुढच्या शनिवारी वीस, त्याच्या पुढच्या शनिवारी वीस. ती त्याला मजुरी स्वतःच्या पदरची द्यायची, त्याचं तिला काही वाटत नव्हतं. भोवरे टेबलावर फिरवायची, मोजायची, शीटमध्ये लिहायची आणि सातव्या रॅकमागच्या खोक्यात ठेवून द्यायची. मावशीला बजावलं होतं, ‘त्या खोक्यांना हात लावायचा नाही, ती मोजायची नाहीत.’ मावशीला नवल वाटलं असणार, कारण त्या घरात न मोजायची वस्तू आजवर नव्हती. आणि दादा खरंच सुधारला, निदान वरून तरी. दाढी रोज करायला लागला. शेजाऱ्यांना थांबवून लाल पट्टी दाखवायचा. ताईला वाटे, आपण पाप करत नाही आहोत. म्हातारा माणूस खूश आहे, कुणाचं काय बिघडतंय?

तिसाव्या आठवड्यात ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी आठवडाभर कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघायला आणि वाकायला बंदी केली. लेकीने रजा काढली आणि दुकान सांभाळायला आली. ताईने तिला पढवलं होतं, ‘तू फक्त ऑर्डरी रवाना कर. फाईल मी उठल्यावर बघेन.’ पण लेक कुणाची? दुसऱ्याच दिवशी तिने वही घेतली आणि रॅकपुढे उभी राहिली. सातव्या रॅकमागे सहा खोकी सापडली. उघडून बघते तर मामाचे भोवरे, आणि फाईलमध्ये शून्य. तिला वाईट वाटलं. बिचाऱ्या आईला दिसतच नव्हतं की, आणि आपल्याला पत्ता नाही. तिने खाली बसून सगळे मोजले, नीट शंभर शंभरचे गठ्ठे करून. सहाशे. तिसऱ्या रकान्यात सहाशे लिहिलं आणि फाईल चढवली.

तिने काही चुकीचं केलं नाही. तीस आठवड्यांत त्या ओळीत पहिल्यांदा खरा आकडा गेला होता.

चौथ्या दिवशी एका शाळेने बक्षिसांसाठी एकदम तीनशे भोवरे मागवले. मावशी आणि लेक, दोघींनी मिळून दिवसभर पॅकिंग केलं. आईला लगेच सांगायचं नाही, बरी झाली की चकित करायचं असं लेकीने ठरवलं होतं. आठवडा सरला, डोळ्यावरची पट्टी निघाली, आणि लेक चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, ‘आई, तुझ्या सातव्या रॅकमागे केवढा माल पडून होता. साडेतीनशे विकून दाखवले मी.’

ताईने विचारलं, ‘कसला माल?’ पण विचारतानाच तिला उत्तर माहीत होतं.

ती तशीच उठून कॉम्प्युटरपाशी गेली. भोवऱ्याच्या फोटोखाली शाळेतल्या बाईंनी लिहिलं होतं. ‘मुलांनी हौसेने उघडले. निम्मे तर पंधरा-वीस सेकंदांत पडतात. बनवणाऱ्याने एकदा तरी फिरवून बघायला हवे होते.’ त्याखाली आणखी चौघांनी तसंच काहीसं लिहिलं होतं. लिहिलेलं कालचं होतं. म्हणजे दादाने काल वाचलं होतं, आणि काल त्याचा फोन आला नव्हता.

दादा अकराच्या सुमारास आला. शनिवार नव्हता आणि हातात पिशवीही नव्हती. लेकीला वाटलं मामा कौतुकाने आला, ती खुर्ची द्यायला उठली. दादा काचेच्या टेबलापाशी बसला आणि म्हणाला, ‘चिमे, लाल पट्टीच्या जागी सहाशे शिल्लक दिसले. कुठून आले?’

ताईने सांगितलं. आडपडदा न ठेवता, सुरुवातीपासून, चिठ्ठ्या आल्या तिथपासून. सांगताना ती उभीच होती. लेक दारात थिजून राहिली होती, तिचं तोंड उतरलं होतं.

दादा ओरडला नाही. ओरडला असता तर ताईला सोपं गेलं असतं. तो आपल्या हातांकडे बघत म्हणाला, ‘मी फिरवून बघायचो. प्रत्येक. पडायचे ते. पण मला वाटायचं, फिरवताना माझी बोटं चुकतात. भोवरा बरोबरच असणार, नाहीतर दोन दिवसांत संपतोय कसा? तुझी लाल पट्टी बघायचो आणि पुढचं लाकूड लेथला लावायचो.’



‘लिहून ठेवलं असशील ना?’ दादाने विचारलं. तो तिला चांगलाच ओळखत होता.

‘हो.’

‘वाच.’

तिने ती दुसरी शीट उघडली. डोळ्यांत औषध होतं, अक्षरं हलत होती, पण तिला शीट पाठच होती. पहिला आठवडा, वीसपैकी सतरा. दुसरा, सतरा. तिसरा, सोळा. चौथा, पुन्हा सोळा. ती एका सुरात वाचत गेली, कारखान्यात तपासनिसांना वाचून दाखवायची तशी. नवव्या आठवड्याला तिने ‘पंधरा’ म्हटलं आणि दादाने हात वर केला.

‘त्या आठवड्यात फर्निचरवाला आला होता माझ्याकडे,’ तो म्हणाला. ‘तुला बोललो नव्हतो. एका मोठ्या घराच्या जिन्याचं काम होतं. कठड्याचे ऐंशी खांब. मनगटाएवढे जाड, त्यात हात जरा हलला तरी कळत नाही. पुढेही वर्षभर असंच काम देणार होता. मी नाही म्हणालो. म्हटलं, माझे भोवरे खपतायत, बहिणीला दर शनिवारी माल द्यावा लागतो, ती एकटी आहे.’

मावशी पुढच्या खोलीत चिकटपट्टी ओढत होती, ती थांबली.

‘पुढचं वाच.’

चौदा. चौदा. बारा. तेरा. विसाव्या आठवड्याला नऊ, चोविसाव्याला पाच. शेवटच्या शनिवारी, वीसपैकी एक.

‘म्हणजे निम्म्या वेळेपर्यंत निम्म्याच्या वर चांगले होते,’ दादा म्हणाला. त्याने मनातल्या मनात हिशेब केला होता, शिकला नसला तरी. ‘ते का नाही विकलेस?’

‘एखादा वाईट गेला असता दादा. कुणीतरी काहीतरी लिहिलं असतं खाली. तुला वाईट वाटलं असतं.’

‘लिहू द्यायचं होतं,’ दादा म्हणाला. ‘मी वाचलं असतं. एक दिवस जेवलो नसतो. मग खांब कातले असते.’

ताई खाली बसली. तिने त्याचे हात धरायचा प्रयत्न केला तेव्हा ते तिच्या हातात थरथरत होते, आणि इतके थरथरतात हे तिला माहीत नव्हतं. गेल्या सात महिन्यांत तिने सहाशे भोवरे मोजले होते, पण त्याचा हात एकदाही हातात घेतला नव्हता. तसं केलं असतं तर विचारावं लागलं असतं.

‘चुकले मी,’ ती म्हणाली.

‘हो,’ दादा म्हणाला. त्याने हात सोडवून घेतले, लेकीच्या डोक्यावरून एक फिरवला, ‘तू बरोबर मोजलंस गं,’ म्हणाला आणि घरी गेला.

शाळेचे तीनशे भोवरे परत आले. ताईने शाळेतल्या बाईंना फोन करून माफी मागितली आणि तीनशे चित्रांचे ठोकळे पाठवून दिले. भोवऱ्यांची ओळ तिने फाईलमधून काढली नाही, लेकीने त्यात एकदा शून्य भरून विक्री थांबवली. तिसरा रकाना मात्र ती आता रिकामाच सोडते. भरायला तिचा हात होत नाही.

दोन महिन्यांनी दादा डॉक्टरकडे जायला तयार झाला, तोही भाचीने हट्ट धरला म्हणून. तिला त्या दिवशी रजा नव्हती, म्हणून ताई बरोबर गेली. डॉक्टरांनी त्याला चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, कागदावर गोल काढायला लावला. दादाचा गोल कागदाबाहेर गेला. मग त्याला बाहेर बसवून ताईला आत बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं. हे हळूहळू वाढेल, गोळ्यांनी थोडं थोपवता येईल, आधी आला असता तर आणखी काही दिवस हाताने काम करू शकला असता, असंही सांगितलं. हे सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं.

रिक्षात बसल्यावर ताईने कागद त्याच्या हाती दिला आणि त्याला सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. आधी आला असता तर, हेसुद्धा सांगितलं. दादाने शांतपणे ऐकून घेतलं.

ताईच्या घरी आल्यावर त्याने कोट काढला, पाणी प्यायला आणि लेक कामावरून येईपर्यंत बसून राहिला. ताईने दोनदा चहा विचारला, तो नको म्हणाला. लेक संध्याकाळी आली, तेव्हा त्याने खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. कागद त्याच्या हातात फडफडत होता. ताईने तो घ्यायला हात पुढे केला.

‘तू राहू दे,’ दादा म्हणाला, आणि कागद भाचीकडे दिला. ‘बाळा, यात काय लिहिलंय ते तू मला वाचून दाखव.’

लेकीने एकदा आईकडे बघितलं आणि वाचायला लागली. ताईने सांगितलं होतं तेच सगळं त्यात होतं, शब्दाला शब्द.